गर्भारपण आणि रक्तांतील चरबी



घरांत कोणी गर्भार राहिली कीं, 'तूं आतां दोन जिवांची' असें म्हणून तिच्या पानांत तुपाची धार वाढविण्याची आपली रीत आहे. बहुतेकींना तें पचून जातें. परंतु क्वचित् एखादीला तेंच तूप प्राणसंकट होऊं शकतें. आज तिच्याविषयीं बोलावयाचें आहे.

आपल्या रक्तांत ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी असते. एरवीं उपाशीपोटीं तिचें प्रमाण दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आंत असावें. गर्भारपणीं तें दुप्पट-चौपट वाढतें; बाळाच्या पोषणासाठीं निसर्गानें केलेली ही बेगमीच होय. मात्र ही चरबी फोडणारें विकर जिच्या शरीरांत जन्मतःच उणें आहे, किंवा जिचा मधुमेह आटोक्यांत नाहीं, तिच्या बाबतींत हा आंकडा १००० च्या पलीकडे जाऊं शकतो. अशा रक्तांतील द्रव नळींत घालून रात्रभर थंड जागीं ठेविला, तर दुधावर साय यावी तसा पांढरा थर वर येतो.

खरा धोका स्वादुपिंडास सूज येण्याचा. पोटाच्या वरच्या भागांत असह्य वेदना होतात, त्या पाठीकडे जातात, ओकाऱ्या होतात. घरचीं माणसें 'पित्त झालें' किंवा 'कळा सुरू झाल्या' असें समजतात आणि मोलाचा वेळ जातो. आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतूं शकतें. म्हणून तत्काळ रुग्णालय गांठावें. तेथेंही दुधाळ रक्तामुळें अमायलेजची तपासणी फसवूं शकते. लायपेज व ट्रायग्लिसराइड मोजणें अवश्य आहे.

पहिला उपाय आहाराचा. आंकडा फार चढल्यास दिवसभराची एकूण चरबी सुमारें २० ग्रॅमपर्यंत उतरवितात. म्हणजे लहान चार चमचे तूप, आणि त्यांतच दूध व शेंगदाणेही आले. साखर व मैदाही आवरावा लागतो. बाळास आवश्यक स्निग्धांश कमी पडूं नयेत म्हणून हें पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालींच करावें. जरूर तर डॉक्टर माशाच्या तेलांतील ओमेगा-३ देतात. पहिल्या तीन महिन्यांनंतर फेनोफायब्रेटसारख्या औषधाचाही विचार करतात. सूज आलीच तर इन्सुलिन, आणि प्रसंगीं यंत्रानें रक्तद्रव बदलणें, हे मार्ग आहेत. प्रसूतीनंतर चरबी बहुधा कांहीं आठवड्यांत उतरते.

ज्यांच्या घराण्यांत हा दोष आहे, अथवा मागच्या खेपेस असा त्रास झाला आहे, त्यांनीं गर्भधारणेपूर्वीं आणि नंतर दर तिमाहीस रक्त तपासून घ्यावें. डोहाळे अवश्य पुरवावे. पण पानांत तूप वाढण्यापूर्वीं तो आंकडा पाहावा.