निर्देशकारित्व आणि ज्ञापकत्व : रुग्णाची पसंती व उपचारसातत्य ह्यांवरील संशोधनाचा परामर्श

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद नावाच्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रुग्ण हे ते चार पाद होत. प्रत्येकाचे चार-चार गुण तेथे दिले असून रुग्णाच्या वाट्यास आलेले गुण स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व असे आहेत. सांगितलेले ध्यानात ठेवणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, न घाबरणे आणि आपल्या व्याधीविषयी वैद्यास नीट सांगता येणे, असा ह्या चार शब्दांचा स्थूल अर्थ करता येईल. गेल्या सुमारे सत्तर वर्षांत रुग्णाच्या औषधसेवनाविषयी जे विपुल संशोधन प्रसिद्ध झाले, त्याचा बहुतेक भाग ह्यांपैकी दुसऱ्या गुणाच्या मोजमापात खर्ची पडला आहे. चौथ्या गुणाकडे संशोधक बऱ्याच उशिरा वळले, आणि वळल्यावरही त्यांनी रुग्णास बोलू दिले ते आपणच छापलेल्या चौकटींत. ह्या उणिवेचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे प्रामुख्याने क्षयरोगाच्या उदाहरणाने येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम परिभाषेचा विचार करणे इष्ट होईल. १९७०नंतरच्या दशकात सॅकेट व हेन्स ह्यांनी ‘कंप्लायन्स’ ही संज्ञा रूढ केली. वैद्यकीय सल्ल्याशी रुग्णाचे वर्तन कितपत जुळते, एवढाच तिचा आशय होता. आपल्या भाषेत तिला आज्ञापालन म्हणण्यास हरकत नाही. पुढे ‘अ‍ॅडहिअरन्स’ हा शब्द पुढे आला. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन उपचारांविषयी जो अहवाल काढला, त्यात ह्या शब्दाची व्याख्या करताना उपचारकाने केलेल्या ‘व रुग्णास मान्य झालेल्या’ शिफारशींशी वर्तन जुळणे, अशी भर घातली. दीर्घ विकारांत, विकसित देशांतदेखील, हे सातत्य सरासरीने निम्म्याच रुग्णांत आढळते, हे त्या अहवालातील विधान सर्वत्र उद्धृत होत असते. व्याख्येतील ‘मान्य झालेल्या’ हे दोन शब्द मात्र फारसे कोणी उद्धृत करीत नाही. वस्तुतः ते गांभीर्याने घेतले, तर रुग्णाने उपचारास मान्यता दिली होती काय, आणि त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवला होता काय, ह्याची नोंद असल्यावाचून सातत्य मोजताच येणार नाही. अशी नोंद असलेले निबंध विरळाच.

क्षयरोगाच्या बाबतीत ह्या प्रश्नाचा उगम आपल्याच देशात झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे घरी उपचार घेणारे व आरोग्यधामात ठेवलेले अशा १९३ रुग्णांची तुलना केली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निष्कर्षांनुसार दाट वस्तीत व अपुऱ्या आहारावर राहणारा रुग्णही योग्य औषधांनी आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होत होता. आरोग्यधामांचे युग ह्या एका प्रयोगाने संपत आले. परंतु रुग्ण घरी राहिला, की तो गोळ्या घेतो किंवा नाही हे पाहणार कोण? फॉक्स ह्यांनी १९५८ सालीच स्वतः औषध घेण्याच्या समस्येवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. लघवीच्या तपासणीने औषध घेतल्याची खात्री करून घेण्याची पद्धतही तेथे अवलंबिली गेली. पुढे देखरेखीखाली औषध गिळविण्याची जी पद्धती जगभर गेली, तिचे एक मूळ येथे आहे.

भारतात सुधारित क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला व मार्च २००६पर्यंत त्याने सर्व देश व्यापला. पहिल्या टप्प्यात आठवड्यातून तीनदा केंद्रावर जाऊन कार्यकर्त्यासमक्ष गोळ्या घ्यावयाच्या, हा त्याचा कणा होता. (२०१७पासून रोज औषध देण्याची पद्धती आली.) समक्ष गिळविण्याने अधिक रुग्ण बरे होतात काय, हा प्रश्न दरम्यान प्रयोगाने तपासला गेला. १९९८ साली दक्षिण आफ्रिकेतील २१६ रुग्णांवरील, व २००१ साली पाकिस्तानातील ४९७ रुग्णांवरील असे दोन प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाकिस्तानात आरोग्यसेवकासमक्ष, कुटुंबीयांसमक्ष व स्वतःच्या स्वतः औषध घेणाऱ्यांत बरे होण्याचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ६४, ५५ व ६२ असे आढळले. देखरेखीस विरोध करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु निर्देशकारित्व वाढविण्यासाठी उभारलेल्या एवढ्या मोठ्या यंत्रणेचा आधार अपेक्षेपेक्षा दुर्बल निघाला, हे अभ्यासकाने विसरू नये.

येथवर सर्व दृष्टी रुग्णावर खिळलेली होती. ती वैद्याकडे वळविणारा एक छोटा, पण आमच्या मते अत्यंत मोलाचा निबंध मुंबईतून आला. १९९१ साली ‘ट्यूबरकल’ ह्या नियतकालिकात मुकुंद उपळेकर व डी. एस. शेपर्ड ह्यांनी धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. ह्या शंभरांनी क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या, आणि त्यांपैकी बहुतेक अयोग्य व खर्चिक होत्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, उदवाडिया, पिंटो व उपळेकर ह्यांनी मुंबईत तीच परीक्षा पुन्हा घेतली. ह्या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या, आणि अचूक चिठ्ठी लिहिणारे निघाले अवघे सहा! अशा चिठ्ठीवर चालणारा रुग्ण काटेकोरपणे आज्ञापालन करू लागला, तर त्याचे काय होईल, हा प्रश्न सातत्याच्या कोणत्याही मोजपट्टीत बसत नाही. चरकाच्या मांडणीत वैद्याचेही गुण मोजलेले आहेत. आधुनिक पाहणीपत्रकांत वैद्याचा रकाना बहुधा नसतोच.

रुग्णाचे सांगणे न ऐकल्याची किंमत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात. त्यासाठी कॅनामायसिनसारखी इंजेक्शने कित्येक महिने दिली जात. त्यांनी श्रवणेंद्रियास इजा होऊ शकते, हे वैद्यकास पूर्वीपासून ज्ञात होते. कानांत आवाज येऊ लागल्यामुळे ज्याने इंजेक्शने सोडली आणि सलग दोन महिने उपचार घेतले नाहीत, त्याची नोंद ‘डिफॉल्टर’ अशी होई. डिफॉल्टर हा शब्द आपल्याकडे कर्जबुडव्यास लावतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २०१२ साली आर. झकारिया प्रभृतींनी रुग्णास दोष देणारी ही भाषा बदलण्याची मागणी एका निबंधातून केली, व २०१३च्या सुधारित व्याख्यांत जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा घातली. नाव बदलले, कारण विचारणारा रकाना मात्र त्यामुळे आपोआप आला नाही.

मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन ह्यांना दुसऱ्यांदा झालेल्या क्षयरोगाच्या उपचारात, २०१३ साली, श्रवणशक्ती गमवावी लागली. त्यांनी व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले ह्यांनी, ज्यांचीही श्रवणशक्ती अशाच उपचारात गेली होती, बेडाक्विलिन ह्या तोंडाने घ्यावयाच्या औषधावरील एकाधिकार लांबविण्याच्या अर्जास २०१९ साली हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. तत्पूर्वी, २०१८ साली, जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिनची शिफारस मागे घेऊन गोळ्यांच्या उपचारास अग्रक्रम दिला होता, आणि सप्टेंबर २०२४मध्ये भारत सरकारने सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या नव्या योजनेस मान्यता दिली. इंजेक्शन नको, गोळी चालेल, ही रुग्णांची पसंती होती. ती शोधनिबंधांच्या तक्त्यांत ज्या वेगाने उमटली, त्याहून स्पष्टपणे ती एका हरकतीच्या अर्जात उमटली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पसंतीचे शास्त्रीय मापन करण्याची जी पद्धती आज सर्वाधिक प्रचारात आहे, ती अर्थशास्त्रातून आलेली आहे. तिला निवडप्रयोग म्हणता येईल. रुग्णापुढे दोन काल्पनिक उपचार ठेवतात. एक सहा महिन्यांचा, रोजच्या गोळ्यांचा, दवाखाना दूर. दुसरा नऊ महिन्यांचा, गोळ्या कमी, दवाखाना जवळ. अशा अनेक जोड्यांतील निवडींवरून कालावधी, अंतर, खर्च, दुष्परिणाम ह्यांस रुग्ण किती महत्त्व देतो, ह्याचे गणित मांडता येते. पद्धती चतुर आहे आणि तिचा उपयोगही आहे. मात्र रुग्णाने निवड करावयाची ती संशोधकाने कागदावर मांडलेल्या गुणधर्मांतूनच. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून लांबच्याच दवाखान्यात जाणाऱ्या स्त्रीला अंतराचा रकाना उलटा वाचावा लागतो. म्हणून ह्या प्रयोगापूर्वी मोकळ्या मुलाखती घेऊन गुणधर्म ठरवावे लागतात, आणि निबंध वाचताना प्रथम तोच भाग पाहावा.

प्रकाशनव्यवहाराविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ‘पेशंट प्रेफरन्स अँड अ‍ॅडहिअरन्स’ हे ह्याच विषयास वाहिलेले नियतकालिक २००७पासून निघते. ते वाचकास विनामूल्य मिळते व खर्च लेखकाकडून घेतला जातो. पसंती आणि सातत्य ही दोन नावे एका मुखपृष्ठावर आली, हे शुभलक्षणच. परंतु प्रकाशनशुल्कामुळे अनुदान नसलेला पदव्युत्तर विद्यार्थी मागे पडण्याचा संभव असतो. दुसरी अडचण साधनांची आहे. आठ प्रश्नांची मॉरिस्की प्रश्नावली शेकडो पाहण्यांत वापरली गेली. तिच्या वापरास परवाना लागतो; तो न घेता वापर केलेल्या संशोधकांकडे मोठ्या रकमांची मागणी झाली, व काहींना निबंध मागे घ्यावे लागले. २०१७ साली ह्याची बरीच चर्चा झाली. तेव्हा प्रश्नावली निवडण्यापूर्वीच तिच्या हक्कांची चौकशी करावी.

आता समजा, आपल्यापैकी कोणी बदलापूरलगतच्या सोनिवलीत क्षयरुग्णांच्या उपचारसातत्याची पाहणी करू इच्छितो. ह्या टापूतील पुष्कळ माणसे पोटासाठी मुंबई-ठाण्याकडे जातात; बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. इतर कित्येक जण अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर असतात. अशा ठिकाणी ‘किती डोस चुकले?’ हा पहिला प्रश्न असू नये. घरून निघण्याची व परतण्याची वेळ आणि केंद्र उघडे असण्याची वेळ ह्या एकाखाली एक लिहिल्या, म्हणजे पुष्कळ उत्तरे न विचारता मिळतील. पहिली चिठ्ठी कोणी लिहिली व तिच्यात काय होते, ह्याची नक्कल घ्यावी. औषध त्या तारखेस केंद्रात शिल्लक होते काय, हेही पाहावे. मार्च २०२४मध्ये केंद्रीय क्षयरोग विभागाने तुटवड्यामुळे राज्यांना स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करण्यास सांगितले होते. त्या काळात चुकलेला डोस रुग्णाच्या नावे मांडणे न्यायाचे होणार नाही.

भाषेचा प्रश्न ह्याहूनही नाजूक आहे. उल्हासनगरची सिंधी, कामगारवस्त्यांतील हिंदी, आसपासच्या ठाकूर-कातकरी पाड्यांतील बोली आणि आपली मराठी, ह्या सर्वांतून एकाच प्रश्नावलीचे एकच भाषांतर चालेल, असे मानता येत नाही. मराठी रुग्ण ‘दुष्परिणाम होतात’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, औषध गरम पडते, सोसत नाही, बाधते. रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते. ते उष्णतेचे लक्षण आहे असे रुग्णास वाटले, तर आश्चर्य नव्हे. परंतु ‘गरम पडते’ ह्या उत्तरापुढे पाहणी करणाऱ्याने ‘दुष्परिणाम : होय’ एवढेच लिहिले, की तो केवळ लघवीचा रंग पाहून घाबरला होता, की पोटात आग पडत होती, की यकृतास खरोखरच इजा होऊ लागली होती, हे पुढे कोणासच कळत नाही, आणि ह्यांपैकी तिसऱ्या अवस्थेत औषध थांबवून तपासणी करणे हेच योग्य वैद्यक असते. तेव्हा कारणाच्या रकान्यात रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, त्याखाली वेगळ्या ओळीत संशोधकाने लावलेला अर्थ द्यावा, आणि निबंध प्रसिद्ध करताना दोन्ही ओळी छापाव्यात.