साबरमतीकाठची रविवारी

सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं, हा प्रश्न आमच्या घरी दर शनिवारी रात्री पानावर बसल्यावर निघतो. मुलांना मॉल हवा असतो, ह्यांना झोप आणि सासूबाईंना देवदर्शन. त्या शनिवारी मात्र मीच जाहीर केलं, ‘‘उद्या अहमदाबादला, रविवारीत जायचं.’’

‘‘रविवारी रविवारीत?’’ धाकट्याला वाटलं, आईची जीभ घसरली.

बडोद्यात इतकी वर्षं राहून आम्ही हा बाजार पाहिला नव्हता. त्या दिवशी जाण्यामागं माझं एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये आम्ही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. सामान हलवण्याच्या घाईत माळ्यावरची एक गंजकी पत्र्याची पेटी मी भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकली. ती सासऱ्यांच्या हत्यारांची पेटी होती. रंधे, पटाश्या, गिरमिट, दोन करवती. बाबांनी तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं. कळल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘बरं झालं, जागा झाली.’’ रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

सकाळच्या गाडीनं निघालो. कालुपूर स्टेशनवर उतरून रिक्षा केली आणि एलिस ब्रिज गाठला. 1892 सालचा हा लोखंडी पूल. त्याच्याजवळच, नदीच्या पूर्व काठावर दर रविवारी हा बाजार भरतो. कुणी त्याला गुजरी म्हणतं, कुणी रविवारी. शहर वसवणाऱ्या अहमदशहानं 1414 साली तो सुरू केला, असं इथं सांगतात. तेव्हा तो म्हणे शुक्रवारी भरायचा. नदीकाठी आला तो 1954 मध्ये. पुढं नदीचे दोन्ही काठ बांधून काढायचं ठरलं, तेव्हा बाजार उठतो की काय, अशी वेळ आली. विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. शेवटी 2014 मध्ये त्याच भागात ओटे बांधलेली नवी जागा मिळाली. बाजार हलला, पण नदी सोडून गेला नाही.

आता आत शिरूया. पण टोप्या घाला आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा. अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. फोनवरून पैसे काही जण घेतात, सगळे नाही. तेव्हा दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. विजेची वस्तू चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आमच्या ह्यांनी एक टेबलफॅन नुसता हातानं फिरवून पाहिला आणि घेतला. तो अजूनही हातानंच फिरतो.

काय नाही तिथं! लोखंडी पलंग, खाटा, दारं-खिडक्या, पितळी कड्या, चष्म्याच्या काड्या, एका पायातला बूट. जुन्या पुस्तकांपाशी कॉलेजची मुलं उकिडवी बसलेली. आमची लेक तिथून अर्धा तास हलेना. एक नवं जोडपं पलंग, स्टोव्ह आणि दोन पातेली घेऊन हातगाडीवाल्याशी भाडं ठरवत होतं. त्यांचा सगळा संसार एका हातगाडीत मावला. आपल्यासारख्यांची ही गंमत असते, पण निम्म्या लोकांचं हेच दुकान आहे, हे तिथं उभं राहिलं की कळतं.

कपड्यांच्या रांगेत सासूबाई थबकल्या. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आपल्या ओळखीची. तिच्याशी घासाघीस करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण ते कपडे पुढं कुठं जातात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. इथं ते धुऊन, काज-बटणं नीट करून, इस्त्री मारून गठ्ठ्यांनी मांडलेले. एक बाई पोराच्या सदऱ्याची कॉलर उलटवून शिवत होती. सासूबाईंनी टाके निरखून पाहिले. ‘‘हात चांगला आहे गं हिचा,’’ म्हणाल्या. एक सदरा उचलला, भाव विचारला आणि चक्क सांगितले तेवढे पैसे देऊन मोकळ्या झाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. सदरा धाकट्याला दोन बोटं आखूड झाला, तो भाग वेगळा.

हत्यारांची रांग मात्र मी आधीच हेरून ठेवली होती. बाबांना तिकडे नेलं आणि मी जरा मागं राहिले. प्लास्टिकच्या कापडावर शेकडो हत्यारं ओळीनं मांडलेली. बाबा बसले आणि एकेक रंधा उलटा करून पाहू लागले. कारागीर हत्यारावर आपली अक्षरं कोरतो, सरमिसळ होऊ नये म्हणून. बाबांचीही होती. त्यांना काय शोधायचं होतं ते मला कळलं आणि माझ्या पोटात कालवलं.

पाच-सहा ओटे झाले. विक्रेता म्हातारा होता. ‘‘शुं जोईए, काका?’’ त्यानं विचारलं. बडोद्याचा माल येतो का, असं बाबांनी विचारलं. त्यानं हात पसरले, भंगारवाल्यांकडून येतं, गावाचं नाव कोण लिहितं? मग दोघांचं रंध्याच्या पात्यावरून जे सुरू झालं, ते चहा येईपर्यंत थांबलं नाही. बाबांनी एक रंधा डोळ्यासमोर धरून त्याचा तळ पाहिला, पातं काढलं, अंगठ्यावर जोखलं आणि कोणत्या दगडावर कसं लावायचं ते त्या विक्रेत्याला सांगू लागले. मार्चपासून एवढं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

‘‘बसो रुपिया,’’ म्हातारा म्हणाला. बाबांनी दीडशे सांगितले. तो नको म्हणाला. मी पर्स उघडणार, तोच बाबांनी हातानं मला थांबवलं आणि आपल्या खिशातून पावणेदोनशे मोजून दिले.

परतताना ह्यांना गायकवाड हवेली पाहायची होती. अठराव्या शतकात पेशवे आणि गायकवाड यांनी हे शहर वाटून घेतलं होतं, त्या काळची आठवण बाजारापासून फार लांब नाही. पण सगळ्यांचे पाय बोलायला लागले होते. ती पुढच्या वेळेवर टाकली.

गाडीत धाकट्यानं रंधा मांडीवर घेतला. त्यावर गुजराती अक्षरं कोरलेली होती, झिजून अर्धवट उरलेली.

‘‘आजोबा, हे कुणाचं नाव?’’

‘‘असेल कुणा सुताराचं,’’ बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून हसले. ‘‘त्याच्याही घरी जागा कमी पडली असेल.’’

मीही हसले, पण डोळे खिडकीकडे वळवावे लागले.

आता आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी धार लावायचा दगड आला आहे. रविवारी सकाळी तिथं नातू बसतो आणि सगळीकडे लाकडाचा भुसा होतो. झाडू मारताना मी काही बोलत नाही.