गळाला लागणारे पीक

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता नीपावा, मिनेडोसा मागे टाकत रसेल आणि रॉब्लिन या गावांच्या दिशेने जातो. दोन्ही अंगांना गहू, कनोला आणि आभाळ. 1871 पासून सरकारी मोजणीदारांनी ही जमीन एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनांत आखली. त्या चौकोनांच्या कडेने खडीचे रस्ते आजही काटकोनात धावतात. मे महिन्यात तळ्यांवरचा बर्फ फुटला की या रस्त्यांवर टपावर छोटी होडी बांधलेल्या गाड्या दिसू लागतात. आतली माणसे एका तळ्यावर सकाळ घालवतात, दुपारी दुसरे तळे गाठतात, रात्री तंबू ठोकतात आणि पुन्हा निघतात. ती ट्राउट माशाच्या मागावर असतात. ट्राउट म्हटला की डोंगरातला थंड, नितळ, खळाळता ओढा डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे काश्मीरमध्ये इंग्रजांनी तो आणून सोडला तोही अशाच पाण्यात. मग गव्हाच्या शेतांमधल्या, उन्हाळ्यात शेवाळाने हिरव्यागार होणाऱ्या उथळ तळ्यात तो आला कुठून? कोणीतरी तो तिथे पेरला म्हणून आला. गळाने ट्राउट पकडण्याच्या या छंदाचे वर्णन करताना बहुतेक लिखाणात ‘अस्पर्श निसर्ग’ वगैरे शब्द येतात. ते चुकीचे आहेत, आणि त्या चुकीमुळे या उद्योगातले खरे कसब आणि खरे धोके दोन्ही नजरेआड होतात. या मैदानी प्रेअरीतला ट्राउट हे पीक आहे. त्याला पिकाच्याच मापाने मोजले पाहिजे.

आधी जमीन पाहू. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुगातले महाकाय बर्फाचे थर उत्तरेकडे सरकले तेव्हा मागे माती-दगडांचे ढिगारे राहिले आणि त्यांत बर्फाचे मोठमोठे तुकडे गाडले गेले. तुकडे वितळले, जागा खचली आणि खड्डे पाण्याने भरले. अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा आणि खाली अमेरिकेच्या डकोटा राज्यांपासून आयोवापर्यंत सुमारे सात लाख चौरस किलोमीटर प्रदेशात असे लाखो खड्डे विखुरलेले आहेत. आपल्याकडे ‘मागेल त्याला शेततळे’ अशी योजना निघाली. तिथे हिमनद्यांनी न मागता दिली. यांतल्या बहुतेकांना ना आत येणारी नदी, ना बाहेर पडणारा ओढा. भोवतालच्या सुपीक मातीतले क्षार आणि पोषकद्रव्ये पाण्याबरोबर आत येतात आणि तिथेच साचतात. त्यामुळे ही तळी म्हणजे पाण्याखालची काळीभोर जमीन असते. गॅमॅरस नावाचे, कोळंबीच्या दूरच्या भाऊबंदांतले बारीक जीव, जळवा, पाणकिडे आणि गाळातल्या कायरोनॉमिड चिलटांच्या अळ्या यांची तिथे रेलचेल असते. डोंगरातल्या स्वच्छ ओढ्यात ट्राउट अर्धपोटी असतो. त्याला हातभर व्हायला बरीच वर्षे लागतात. इथे तो दोन-तीन हंगामांत किलोभराचा होतो, कधी त्याहून मोठा.

मात्र जी श्रीमंती त्याला वाढवते, तीच त्याचा गळाही घोटते. हिवाळ्यात तळ्यावर अर्धा ते एक मीटर जाड बर्फ चढतो, त्यावर हिम साचते, आणि खाली उजेड पोचत नाही. उजेड नाही म्हणून पाणवनस्पती प्राणवायू बनवीत नाहीत. गाळात कुजणारे शेवाळ मात्र आहे तो प्राणवायू खात राहते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत साठा संपतो आणि तळ्यातला एकूण एक मासा मरतो. तिकडच्या बोलीत याला ‘विंटरकिल’ म्हणतात. उन्हाळ्यातही सुटका नसते. शेवाळाचा दाट बहर एकाएकी कोसळतो, कुजतो, आणि ऐन ऑगस्टमध्ये मासे उलटे तरंगू लागतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस विनिपेगच्या सरकारी गोड्या पाण्याच्या संशोधन संस्थेने एरिक्सन गावाच्या आसपासच्या तळ्यांत एक सरळ हिशेब मांडला होता: वसंतात रेनबो ट्राउटची बोटुकली सोडायची आणि बर्फ धरण्याआधी जाळ्याने मासे काढायचे. खरिपाचे पीकच म्हणा. वाढ छान झाली. बोटभर पिल्लू शरदापर्यंत ताटात मावेल एवढे झाले. पण काही तळी उन्हाळ्यातच मेली, काही माशांच्या मांसाला चिखलाचा वास आला, आणि व्यापारी शेती म्हणून तो प्रयोग फारसा रुजला नाही. आजची गळाची मासेमारी त्याच कल्पनेवर उभी आहे, फक्त कापणीची रीत बदलली. किलोच्या भावाने मासा विकण्याऐवजी तो पकडण्याची संधी विकायची. त्यात मोठा फायदा असा, की पकडून सोडला तर एकच मासा दोनदा-तीनदा विकता येतो.

शेतीची ही उपमा केवळ शोभेची नाही, कामाचा तपशीलच तसा आहे. ट्राउटची मादी वाहत्या पाण्यातली खडी उकरून अंडी घालते. बंद तळ्यात प्रवाह नाही, म्हणून तिथे प्रजा वाढत नाही. संकरित बियाण्यासारखे बी दरवर्षी नव्याने आणावे लागते. ते येते मॅनिटोबातल्या व्हाइटशेल, सस्कॅचवानमधल्या फोर्ट क्वापेल यांसारख्या सरकारी मत्स्यबीज केंद्रांतून. ट्राउटच्या जातींपैकी रेनबो मूळचा रॉकी पर्वतापलीकडच्या पॅसिफिक उताराचा, ब्राउन युरोपातला, ब्रुक पूर्व कॅनडातला. टायगर ट्राउट तर माणसानेच जुळवलेला: ब्राउनची मादी, ब्रुकचा नर, आणि संतती वांझ. रेनबोची अंडी फलित झाल्यावर थोड्याच वेळात त्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला की गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात आणि तोही मासा वांझ होतो. मग येते विरळणी. एका तळ्यात किती पिल्ले सोडायची यावर मासा केवढा होईल हे ठरते. दाट पेरणी केली की हाती बोटभर लांबीची गर्दी येते. मॅनिटोबाच्या पार्कलँड भागात ‘फ्लिपर’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा स्थानिक उपक्रम निवडक तळ्यांवर वायुवीजन करतो. हिवाळाभर यंत्राने हवा खेळती ठेवून पाण्याचा थोडा भाग उघडा राखायचा, म्हणजे मासा वसंत पाहतो. तिथे बर्फ पातळ असतो म्हणून काठावर धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात. अल्बर्टात हे काम 1997 मध्ये स्थापन झालेली अल्बर्टा कॉन्झर्वेशन असोसिएशन परवान्यांच्या पैशातून करते. बियाणे, विरळणी, राखण आणि खर्चाची वसुली! याला शेती न म्हणता दुसरे काय म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप हौशी मंडळींकडूनच येतो. टाकीतून आणून सोडलेला मासा पकडण्यात पुरुषार्थ कसला, ती तर बाजारहाट झाली. हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण काठावर टिकत नाही. सोडल्यानंतर त्या पिल्लाला कोणी खाद्य घालत नाही. पेलिकन, लून यांसारखे मासेखाऊ पक्षी आणि हिवाळा यांतून वाचत ते स्वतःचे पोट स्वतः भरते, आणि दोन वर्षांनी ते काय खाईल हे त्याला सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. फ्लाय फिशिंगचे कसब नेमके तिथे लागते. ‘फ्लाय’ म्हणजे माशी खरी, पण या तळ्यांत तिचा माशीशी संबंध बहुधा नावापुरता. गळाच्या आकड्यावर दोरा, पिसे, केस गुंडाळून केलेली ती कायरोनॉमिडच्या कोषाची, जळवेची किंवा गॅमॅरसची प्रतिकृती असते. तिला वजन नसते, म्हणून जड दोरीच्या झोक्याने ती फेकावी लागते. चिलटाची अळी गाळात राहते, आणि तिथे प्राणवायू इतका कमी, की काही जातींच्या अळ्या आपल्या रक्तासारखे लाल द्रव्य अंगात बाळगतात आणि लालभडक दिसतात. कोष होऊन ती पृष्ठभागाकडे सरकू लागली की ट्राउट तिला मधेच टिपतो. गळ तळापासून वीतभर वर लटकला तर मासा लागतो, हातभर वर राहिला तर दिवस फुकट. जो प्राणवायू माशाचे मरण ठरवतो, तोच त्याचे जेवणही ठरवतो, आणि गळ टाकणाऱ्याला हे सारे वरून, गढूळ पाण्यातून, अंदाजाने ताडावे लागते. बाजारहाटात एवढी अक्कल खर्च होत नाही.

आणि ‘खरा जंगली’ मासा तरी किती निर्भेळ? कॅल्गरीच्या बो नदीत ब्राउन ट्राउटसाठी जगभरातून माणसे येतात. तो तिथे कसा आला, तर 1925 मध्ये पिल्ले घेऊन जाणारा ट्रक बॅन्फजवळ कॅरट क्रीकपाशी बंद पडला आणि मरण्यापेक्षा बरे म्हणून ती ओढ्यात सोडून दिली, असे सांगतात. आज तो मासा नदीचा मानकरी आहे.

प्रवास का लागतो, तेही या शेतीतूनच कळते. कोणत्या तळ्याने हिवाळा काढला, कोणते मेले, कुठे तीन वर्षांपूर्वीची पेरणी आता भरात आली आहे, हे दर वर्षी बदलते. तळे पूर्ण मेले की मासे जातात, पण गॅमॅरस आणि अळ्यांपैकी बरेच तगून राहतात आणि खाणारे कोणी नसल्याने पुढच्या उन्हाळ्यात त्यांची झुंबड उडते. अशा पडीक राहून कसदार झालेल्या पाण्यात सोडलेली नवी पिल्ले झपाट्याने फुगतात. म्हणजे आजचे मेलेले तळे हे परवाचे सर्वांत चांगले तळे असू शकते. एकाच काठाशी निष्ठा ठेवणाऱ्याला इथे भाकरी नाही. म्हणून गाडी, होडी आणि चार तळ्यांची यादी.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. हा प्रदेश उत्तर अमेरिकेतल्या बदकांचे पाळणाघर आहे; खंडातली निम्म्याहून अधिक बदके इथल्या डबक्यांत जन्मतात असा अंदाज सांगितला जातो. स्कॉप जातीच्या बदकांना स्थलांतरात आणि विणीच्या काळात तोच गॅमॅरस हवा असतो जो ट्राउटला हवा. ज्या पाण्यात पूर्वी मासाच नव्हता तिथे सॅलमँडरची पिल्ले निर्धास्त वाढतात. मासा आला की ती त्याचा घास होतात. तळी थोडीच वापरतो, डबकी लाखो आहेत, असे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण ट्राउटला लागणारी खोल, न आटणारी तळी मुळातच थोडी, आणि बदकांनाही दुष्काळात तीच लागतात. ट्राउटपेक्षा नांगराने पाणथळ जागांचे नुकसान अनेक पटींनी जास्त केले, हे खरे. एकट्या आयोवाने आपल्या सुमारे 90 टक्के पाणथळी गमावल्या. पण दुसऱ्याचा मोठा गुन्हा दाखवून आपला छोटा माफ होत नाही. शेतीची भाषा इथे उपयोगी पडते. सुज्ञ शेतकरी गायरान नांगरत नाही. कोणती तळी पेरायची आणि कोणती कायमची मोकळी ठेवायची हे उघड, लेखी आणि बदकांच्या अभ्यासकांना बरोबर घेऊन ठरले पाहिजे.

पीक शेताबाहेर निसटू नये म्हणून लागणाऱ्या कुंपणाचे तेच. दक्षिण सस्कॅचवान नदीवरच्या डीफेनबेकर जलाशयातील मत्स्यशेतीतून 2000 साली लाखो वांझ रेनबो निसटले. अंडी घालण्यात शक्ती खर्च होत नसल्याने ते वाढतच राहिले, आणि 2009 मध्ये त्याच जलाशयात 48 पौंडांचा, म्हणजे 21 किलोंहून अधिक वजनाचा रेनबो गळाला लागून जागतिक विक्रम झाला. विक्रमाचे कौतुक जरूर करावे, पण तो कुंपण तुटल्याचा पुरावाही आहे. तो मासा वांझ होता म्हणून निभावले. अल्बर्टाच्या डोंगरी ओढ्यांत सोडलेल्या प्रजननक्षम रेनबोने तिथल्या मूळ कटथ्रोट ट्राउटशी संकर करून त्याचे शुद्ध वाण इतके घटवले, की 2013 मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. शिवाय 2016 मध्ये बॅन्फच्या जॉन्सन तळ्यात कॅनडातला पहिला ‘व्हर्लिंग डिसीज’ सापडला. माशाच्या कूर्चेत शिरणाऱ्या या परजीवीचे बीजाणू चिखलातून पसरतात, आणि तळ्यामागून तळे करणाऱ्या प्रवाशाचे बूट व होडी म्हणजे त्यांना आयतेच वाहन. म्हणून बंद तळ्यांतच पेरणी, शक्यतो वांझ बियाणे, आणि प्रत्येक तळे सोडताना सामान धुऊन-वाळवून घेणे, या तीन अटी ऐच्छिक मानता येणार नाहीत. महाराष्ट्राच्या धरणांत गंगेकडचे कटला-रोहू आणि परदेशी तिलापिया सोडताना आपण मूळच्या माशांचा असा हिशेब फारसा केला नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

राहिला प्रश्न पकडून सोडण्याचा. मॅनिटोबात आकड्याला काटा ठेवता येत नाही, त्यामुळे मासा फारशी इजा न होता सुटतो, आणि मोठे मासे राखणाऱ्या, वायुवीजन केलेल्या तळ्यांवर सोडणे योग्यच आहे. पण ज्या तळ्यावर ना यंत्र आहे ना मार्चपर्यंत पुरणारी खोली, तिथे सप्टेंबरमधला मासा पाण्यात परत टाकणे म्हणजे त्याला बर्फाखाली गुदमरायला सोडणे. ते भूतदयेत मोजता येत नाही. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगला स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी कोणी या वाटेला जाणार असेल, तर प्रांताचा परवाना काढावा, त्या वर्षीची मत्स्यसंचयनाची यादी आणि तळ्याची मर्यादा पाहावी, आणि अशा तळ्यावर शरदात नियमात बसतील तेवढे मासे खुशाल घरी आणून तव्यावर टाकावेत.