वॉत्सू

कोमट पाण्यात तरंगत्या स्थितीत असलेल्या व्यक्तीला हातांवर तोलून धरून तिचे अंग हळुवारपणे ताणणे, वळविणे, झुलविणे व ठिकठिकाणी दाबणे या क्रियांनी शरीर व मन शिथिल करण्याची एक अंगोपचार पद्धती. ‘वॉटर’ हा पाण्याचा वाचक इंग्रजी शब्द आणि ‘शिआत्सू’ हा जपानी शब्द यांच्या जोडणीतून हे नाव तयार झाले आहे. शिआत्सू म्हणजे बोटांनी दिलेला दाब. उपचारासाठी छातीइतके खोल व सु. ३५° से. तापमानाचे पाणी लागते. एक उपचार साधारणपणे पाऊण ते एक तास चालतो. उपचार घेणारा सर्वस्वी निष्क्रिय असतो व त्याला पोहता येण्याची गरज नसते. पाण्यातील व्यायामाच्या इतर पद्धतींपासून वॉत्सूचे वेगळेपण या निष्क्रियतेतच आहे.

हॅरल्ड डल या अमेरिकन कवींनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियातील हार्बिन हॉट स्प्रिंग्ज या उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी या पद्धतीस आरंभ केला. जपानमधील शिझुतो मासुनागा यांच्याकडे त्यांनी झेन शिआत्सूचे शिक्षण घेतले होते व तेच ते हार्बिन येथे शिकवीत असत. तेथील कोमट कुंडात विद्यार्थ्यांना तरंगत ठेवून शिआत्सूमधील ताण देण्याच्या क्रिया त्यांनी करून पाहिल्या व त्यांतून वॉत्सूची घडण होत गेली. सप्टेंबर २०१५ मधील वणव्यात हार्बिन येथील बहुतेक इमारती जळून गेल्या. २०१९ मध्ये ते स्थान पुन्हा खुले झाले. तोपर्यंत ही पद्धती यूरोप, ब्राझील, जपान इ. प्रदेशांत पसरली होती. प्रारंभी तिचा हेतू केवळ विश्रांतीचा होता. पुढे भौतिकी चिकित्सकांनी ती पुनर्वसन केंद्रांतही आणली.

नावात शिआत्सू असले, तरी मुळातील शिआत्सूचा भाग पाण्यात बराच बदलतो. जमिनीवर काम करताना उपचारक आपल्या शरीराचा भार अंगठ्यांवर व तळहातांवर टाकतो आणि खालची जमीन त्या भाराला विरोध करते. पाण्यात हा आधार नसतो. तरंगत्या माणसास दाबले की तो दूर सरकतो किंवा खाली जातो. त्यामुळे दाब गौण ठरून ताणणे व वळविणे यांना प्राधान्य आले. शिआत्सूमागील प्राणशक्तीच्या वाहिन्यांची कल्पना परंपरागत चिनी वैद्यकातून आली आहे. अशा वाहिन्या शरीररचनाशास्त्रास आढळलेल्या नाहीत आणि वॉत्सूचे परिणाम समजून घेण्यासाठी त्यांची आवश्यकताही भासत नाही.

उपचाराची रीत : उपचारार्थी प्रथम कुंडाच्या भिंतीशी उभा राहतो. त्याच्या तक्रारी, पूर्वीचे आजार, पाण्याची भीती आणि कोठे स्पर्श नको हे विचारून घेतले जाते. नंतर तो पाठीवर आडवा होतो. उपचारकाच्या कोपराच्या खोबणीत त्याचे डोके व दुसऱ्या हातावर त्याची माकडहाडाजवळची बाजू टेकते. पाय बुडू लागल्यास गुडघ्यांजवळ हलके तरंगपट्टे बांधतात. कान पाण्याखाली जातात व बाहेरचे आवाज मंद होतात. यानंतर काही वेळ उपचारक जवळजवळ काहीच करीत नाही. तो उपचारार्थ्याचा श्वास पाहतो व त्या लयीत स्वतः श्वास घेतो. श्वास आत जाताच शरीर किंचित वर येते, बाहेर पडताच किंचित खाली जाते. नवशिक्याला या टप्प्याचा कंटाळा येतो व तो लगेच हालचालींकडे वळतो; परंतु पुढील सर्व उपचाराचा वेग येथेच ठरतो. त्यानंतर शरीर पाण्यातून एका बाजूस ओढत नेले असता मागे राहणारे पाय व कंबर यांना पाण्याच्या रोधामुळे आपोआप बाक येतो आणि पाठीच्या कण्याला ताण मिळतो. स्नायूवर बाहेरून जोर लावावा लागत नाही. क्रमाने एक पाय, दोन्ही पाय, खांदा व मान यांच्या हालचाली केल्या जातात आणि मधूनमधून पूर्ण स्थिरता राखली जाते. शेवटी उपचारार्थ्याची पाठ पुन्हा भिंतीला टेकवून, त्याचे पाय तळाला लागले आहेत याची खात्री करूनच हात काढून घेतले जातात.

शारीरिक परिणामांची कारणे : यांपैकी पहिले कारण उत्प्लावकता. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सु. एक-दशांश भारच राहतो. आडवे तरंगताना तोही राहत नाही. उभे किंवा बसलेले असताना अंग तोलून धरणारे मानेचे व पाठीचे स्नायू येथे मोकळे होतात. शांत अवस्थेतील एका श्वासात सु. अर्धा लिटर हवा आत जाते. पाण्याचे उत्सारण तेवढेच वाढत असल्याने शरीराला वर उचलणाऱ्या प्रेरणेत सु. अर्धा किलोग्रॅम भाराइतका फरक पडतो. वर वर्णिलेले श्वासासरशी होणारे चढउतार यामुळेच होतात.

दुसरे कारण तापमान. पाण्याची उष्णता-संवाहकता हवेच्या सु. पंचवीसपट असते. २८° से. तापमानाच्या खोलीत उघड्या अंगाने सुखाने बसता येते, परंतु तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात निश्चल पडून राहिल्यास तासाभरात हुडहुडी भरते. ३५° से. च्या आसपास शरीर उष्णता फारशी गमावीत नाही व साठवीतही नाही. त्वचा आणि पाणी यांची सीमा जाणवेनाशी होते, असे उपचारार्थी सांगतात ते या समतोलामुळे. ३८° से. च्या वर मात्र हृदयाचे ठोके वाढतात, घाम येतो व ग्लानी येऊ शकते. ‘गरम तितके चांगले’ हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही.

तिसरे कारण पाण्याचा दाब. हा दाब खोलीनुसार वाढतो. एक मीटर खोलीवर तो सु. ७४ मिमी. पाऱ्याच्या स्तंभाइतका असतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांतील व पोटातील नीलांमधून सु. ७०० मिलि. रक्त छातीकडे सरकते. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर बाहेर पडणारे रक्त वाढते आणि शरीरात द्रव अधिक झाला आहे असे समजून वृक्के जास्त मूत्र तयार करतात. यासाठी कुंडात उतरण्यापूर्वी मूत्रविसर्जन करून यावे लागते. आडव्या स्थितीत हे परिणाम सौम्य असतात. अनुकंपी तंत्रिका तंत्राची क्रियाशीलता कमी होऊन श्वास संथ होतो. पुष्कळांना अर्धवट झोपेसारखी अवस्था येते.

मनावरील परिणाम : उपचार चालू असताना किंवा संपल्यावर काहींना रडू येते, क्वचित हसू येते, जुन्या आठवणी जाग्या होतात. शरीरात साठलेले दुःख पाण्यात मोकळे होते, असे त्याचे स्पष्टीकरण काही उपचारक देतात. स्नायूंमध्ये आठवणी साठतात याला शरीरक्रियाविज्ञानात आधार नाही. दीर्घकाळ सावध राहिलेल्या माणसाची सावधता अचानक ओसरली, तर एरवी आवरून धरलेल्या भावना वर येणे स्वाभाविक आहे. प्रौढपणी दुसऱ्याच्या हातांवर सर्व भार सोपवून पडण्याचे प्रसंगही फार थोडे येतात. आपल्याकडे तान्ह्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई त्याला पायांवर ज्या सहजतेने वळविते, तिची येथे आठवण होते. अश्रू येणे हे मात्र आजार बरा झाल्याचे लक्षण समजू नये. ते आले म्हणून उपचारकाने अर्थ सांगत बसू नये व न आल्यास ते आणण्याचा प्रयत्नही करू नये. आधार स्थिर ठेवणे व हवे तेव्हा थांबणे एवढेच त्याचे काम असते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर पुनर्विलोकनात वेदना, शारीरिक कार्यक्षमता व मानसिक त्रास यांबाबत वॉत्सूचा अनुकूल परिणाम आढळला. तथापि मूळ अभ्यास बहुतेक लहान व परस्परांहून भिन्न आहेत. शिवाय आपण पाण्यात तरंगत आहोत हे उपचारार्थ्यापासून लपविता येत नसल्याने औषधांप्रमाणे लटक्या उपचाराशी तुलना करणे कठीण जाते. दीर्घकालीन स्नायुवेदना, स्नायूंचा ताठरपणा व मानसिक ताण यांवर पूरक उपचार म्हणून वॉत्सूचा उपयोग करणे योग्य ठरेल; विषण्णता किंवा आघातोत्तर मनोविकार यांवरील मानसोपचारांच्या जागी ती वापरणे योग्य नव्हे.

या संदर्भात कोमट पाण्याचा एक जुना इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एमील क्रेपेलीन व इतर मानसोपचारज्ञ क्षुब्ध मनोरुग्णांना कोमट पाण्याच्या टबात तासन्‌तास ठेवीत. साखळदंड व कोंडून ठेवणे यांपेक्षा हा उपाय निश्चितच दयाळूपणाचा होता आणि रुग्ण शांत होत हेही खरे. परंतु अमेरिकेतील मनोरुग्णालयांत टबावर जाड कापड ताणून बसवीत व केवळ डोके बाहेर राहील एवढेच छिद्र त्यास ठेवीत. रुग्णाला मनास येईल तेव्हा बाहेर पडता येत नसे. वॉत्सूचेही पाणी कोमटच असते, तथापि तेथे उपचारार्थ्याची संमती असते व खूण करताच उपचार थांबतो. तरंगत्या माणसाला स्वतःचा तोल नसतो, कान पाण्यात असतात, डोळे मिटलेले असतात; म्हणून ही संमती एकदाच विचारून भागत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला जवळून धरले जाणे आधाराऐवजी भीतीचेही वाटू शकते. अशा वेळी उपचारक हातभर अंतरावर राहून केवळ डोक्याला व पाठीला आधार देतो किंवा उपचार पुढे ढकलतो.

वर्ज्य स्थिती व दक्षता : ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, अतिसार, कानाचा फाटलेला पडदा, आटोक्यात नसलेला अपस्मार व हृद्‌निष्फलता असताना हा उपचार देऊ नये. श्वसनक्षमता फार कमी असलेल्यांना छातीवरील पाण्याचा दाब त्रासदायक होतो. संधिवाताभ संधिशोथात मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात. तेथे मान वळविणे धोक्याचे असते. गर्भवतींनी वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट. पाण्यातून बाहेर येताना दाब नाहीसा होऊन रक्त पुन्हा पायांकडे जाते व घेरी येऊ शकते; पायऱ्या कठड्याला धरून सावकाश चढाव्यात. कोमट पाण्यात जंतूंची वाढ जलद होते आणि क्लोरीनही लवकर खर्ची पडते. त्यामुळे कुंडातील पाण्याची तपासणी थंड तलावापेक्षा अधिक वेळा करावी लागते.

इतर पद्धती : जेम्स मॅकमिलन यांनी लंडनमध्ये १९४९ पासून अपंग मुलांसाठी विकसित केलेली हॅलिविक पद्धती व स्वित्झर्लंडमधील बाट रागाट्स येथील तरंगकड्यांची पद्धती यांत रुग्णाने स्वतः हालचाल करावयाची असते. वॉत्सूला अधिक जवळचे आहे ते १९८७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये उदयास आलेले जलनृत्य. त्यात नाकाला चिमटा लावून उपचारार्थ्याला पाण्याखालीही नेतात.

भारतात चरकसंहितेतील स्वेदाच्या तेरा प्रकारांत अवगाह म्हणजे औषधी काढा, दूध, तेल इ. गरम द्रवांत बसणे हा एक प्रकार सांगितला आहे. त्यात दुसऱ्याने तरंगत ठेवण्याची कल्पना नाही. उरुळीकांचन (जि. पुणे) येथे १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या निसर्गोपचार केंद्रामागे लूई कूने यांच्या स्नानचिकित्सेचा प्रभाव होता, तिचाही वॉत्सूशी थेट संबंध नाही. प्रत्यक्ष वॉत्सू शिकविण्याची व देण्याची सोय तमिळनाडूतील ऑरोव्हिल येथे आहे. वज्रेश्वरी-अकलोली, उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे इ. ठिकाणच्या कोकणातील उन्हाळ्यांत त्वचारोग व सांधेदुखी यांसाठी लोक पूर्वापार स्नान करीत आले आहेत. यांपैकी अनेक झऱ्यांचे पाणी उगमाशी वॉत्सूस लागणाऱ्या तापमानापेक्षा बरेच अधिक गरम असते व ते निववूनच वापरावे लागेल. तेथील दगडी कुंडेही बसून किंवा उभ्याने स्नान करण्याच्या बेताने बांधलेली आहेत. आडव्या शरीरास वळवीत फिरण्यास लागणारी मोकळी जागा त्यांत क्वचितच मिळते.