पुढचं दार उघडं, मागचं बंद

१९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये रेडिओवर कोस झ्वार्ट नावाचा तरुण गांजा आणि हॅशिशचे ताजे दर वाचून दाखवायचा. लासलगावच्या कांद्याचे भाव सांगावेत तशा थाटात: मोरोक्कोचा माल इतक्याला, लेबनॉनचा तितक्याला. दोन्ही पदार्थांवर कायद्याने बंदी होती. त्यातून कोसची आई, इरेन फोर्रिंक, देशाच्या आरोग्यमंत्री होत्या.

नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे, असं जगभर समजलं जातं. तो तसा नाही. तिथल्या सरकारने बंदी जागच्या जागी ठेवली आणि अमुक मर्यादेपर्यंत खटला भरायचा नाही, एवढंच ठरवलं. या अर्ध्या निर्णयाची फळं, गोड आणि कडू दोन्ही, तो देश गेली पन्नास वर्षं खातो आहे.

नशेच्या धंद्याचं डचांना सोवळं नव्हतंच. सतराव्या शतकात त्यांची ईस्ट इंडिया कंपनी बिहारची अफू जावात नेऊन विकत होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वसाहती सरकारने अफूविक्री थेट स्वतःच्या हातात घेतली आणि तिजोरी भरली. १९०० मध्ये ॲमस्टरडॅममध्ये कोकेनचा कारखाना निघाला, त्यासाठी कोकाची पानं जावाहून यायची. अफूविरोधी आंतरराष्ट्रीय करार १९१२ मध्ये झाला तो नेमका हेगमध्ये. यजमानच असल्यामुळे डचांना पुढे १९१९ मध्ये स्वतःचा अफू कायदाही करावा लागला. गांजा जवळ बाळगणं गुन्हा ठरलं ते बरंच उशिरा, १९५३ मध्ये.

साठच्या दशकात ॲमस्टरडॅमच्या तरुणांनी प्रस्थापितांची यथेच्छ टर उडवायला सुरुवात केली. प्रोवो चळवळीतली पोरं पोलिसांना चकवण्यासाठी खोट्या गांजाची नाटकं करत. १९६८ मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत पॅराडिसो हा क्लब सुरू झाला आणि तिथल्या धुराकडे पोलीस काणाडोळा करू लागले. दरम्यान १९७२ च्या सुमारास शहरात हेरॉइन पोहोचलं होतं. आपल्याकडे पुढे 'गर्द' या नावाने ज्याने घरं बुडवली, तेच.

मानसोपचारतज्ज्ञ पीटर बान यांच्या समितीचा अहवाल त्याच १९७२ मधला. समितीचं म्हणणं व्यवहारी होतं. प्रत्येक पदार्थाचा धोका वेगळा, तेव्हा शिक्षाही वेगळी हवी. गांजा ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकलं किंवा गर्द विकणाऱ्याच्याच दारात पाठवलं, तर तो गर्दकडे वळण्याचा संभव वाढतो. म्हणून हे दोन बाजार एकमेकांपासून तोडायचे. १९७६ मध्ये कायदा बदलला तो याच विचाराने. फोर्रिंक मजूर पक्षाच्या आणि न्यायमंत्री द्रिस फान आख्त कॅथलिक पक्षाचे, तरीही दोघांनी मिळून तो पार पाडला. हेरॉइन, कोकेन, एलएसडी एका यादीत आणि गांजा-हॅशिश दुसऱ्या यादीत गेले. ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा किरकोळ गुन्ह्यात जमा झाला.

दुकानं मात्र कायद्याच्या आधीच निघाली होती. वेर्नार्ड ब्राउनिंग यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या बेकरीच्या जागेत 'मेलो यलो' नावाचं चहाचं दुकान थाटलं. विकणारा गिऱ्हाइकासारखा काउंटरपाशी बसायचा, त्यामुळे मालक नामानिराळा. १९७५ मध्ये 'बुलडॉग' उघडलं आणि दहा वर्षांनी त्याची एक शाखा चक्क जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत गेली!

कॉफीशॉप या नावाखाली ही दुकानं इतकी बोकाळली की १९९१ मध्ये देशभर पाच अटी लागू झाल्या: जाहिरात नको, कडक नशा नको, शेजाऱ्यांना त्रास नको, अल्पवयीन मुलं नकोत आणि मोठा व्यवहार नको. १९९६ मध्ये माणशी ३० ग्रॅमची मर्यादा ५ ग्रॅमवर आली, वयाची अट १८ झाली आणि दुकानातला साठा ५०० ग्रॅमवर बांधला गेला. २००८ च्या तंबाखूबंदीने तर आणखी बहार आणली. तिथे बसून निव्वळ गांजा ओढायला हरकत नाही, पण त्यात तंबाखू मिसळली की नियमभंग.

गर्दच्या बाबतीत डचांनी जे केलं ते मला या साऱ्या धोरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. ॲमस्टरडॅमचा झेडाइक रस्ता व्यसनी आणि विक्रेत्यांनी भरून गेला होता. महापालिकेने हेरॉइनऐवजी मेथाडोन देणारी बस फिरवली, १९८४ मध्ये जुनी सुई घेऊन नवी देण्याची सोय केली. त्या सुयांची मागणी व्यसनींच्याच संघटनेने लावून धरली होती. १९९८ मध्ये निवडक जुनाट व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइनच देण्याचा प्रयोग सुरू झाला.

कॉफीशॉपचं दुखणं निराळं होतं. पुढच्या दाराने ५ ग्रॅम विकायची मुभा, पण मागच्या दाराने येणारा माल बेकायदा. दुकानदाराने तो आणायचा कुठून, याला उत्तरच नव्हतं. बेल्जियमच्या सीमेजवळच्या टेर्नेझनमधलं 'चेकपॉइंट' हे त्याचं ढळढळीत उदाहरण. तिथे दिवसाला दोन-तीन हजार गिऱ्हाइकं यायची, बहुतेक बेल्जियन आणि फ्रेंच. नगरपालिकेने रस्ता दाखवणाऱ्या पाट्याही लावल्या होत्या. आता ५०० ग्रॅम साठा म्हणजे ५ ग्रॅमच्या हिशेबाने शंभर गिऱ्हाइकं. बाकीच्यांना माल कुठून मिळतो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी अखेर जास्त साठ्याबद्दल धाडी पडल्या, दुकान बंद झालं आणि मालक कोर्टात उभा राहिला.

मग सरकार कडक होत गेलं. मॅजिक मशरूम २००८ मध्ये बंद झाले. २०१२ मध्ये दक्षिणेकडच्या प्रांतांत फक्त स्थानिकांना गांजा देणारा पास आला. पण नोंदणीच्या धाकाने स्थानिकच रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे गेले, आणि पास त्याच वर्षी गुंडाळावा लागला. नायट्रस ऑक्साइडवर २०२३ मध्ये बंदी आली. रॉटरडॅम बंदरातल्या कोकेनच्या टोळ्यांनी तर देश हादरवला. २०१९ मध्ये वकील डेर्क वीरसुम आणि २०२१ मध्ये पत्रकार पेटर आर. दे फ्रीस यांची हत्या झाली. अशाच एका टोळीविरुद्धच्या खटल्यात दोघेही एकाच माफीच्या साक्षीदाराच्या बाजूने उभे होते.

मागच्या दाराला हात घातला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये, ब्रेडा आणि टिलबर्ग शहरांत. सरकारने निवडलेल्या उत्पादकांकडून तपासलेला, वेष्टनबंद माल घ्यायचा, असा हा प्रयोग आता दहा नगरपालिकांत चालू आहे. ॲमस्टरडॅम त्यात नाही. एप्रिल २०२५ पासून प्रयोगातल्या कॉफीशॉपना बाहेरचा गांजा विकायची बंदी झाली. हॅशिशला मात्र काही महिन्यांची सवलत द्यावी लागली, कारण परवानाधारकांकडे ते पुरेसं तयार नव्हतं आणि गिऱ्हाइकांना अजूनही मोरोक्कोचंच हवं होतं.