थेनारने आधीच पाहिलं होतं

‘धातूची पूड करणार एन्झाइमचं काम’ अशा बातम्या वाचून एका वाचकाने विचारलंय, हा शोध खरंच इतका नवा आहे का? नावाने नवा, गुणाने जुनाच.

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की पांढरा फेस येतो, तो रक्तातल्या कॅटलेज या एन्झाइममुळे. परीक्षानळीतल्या पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी चिमूट टाका, तसाच फेस उसळतो. पॅरिसच्या लुई जाक थेनारने १८१८ मध्ये पेरॉक्साइड प्रथम तयार केलं आणि हे दोन्ही प्रकार पाहिले. धातूंची ऑक्साइडं काय, रक्तातून काढलेलं फायब्रिन काय, दोघंही त्यातला ऑक्सिजन उधळून लावत होते! (फायब्रिनला चिकटलेल्या कॅटलेजचा हा प्रताप, हे पुष्कळ नंतर कळलं.) रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ मध्ये ‘कॅटॅलिसिस’ला (उत्प्रेरणाला) नाव दिलं, ते इतरांबरोबर याही निरीक्षणांच्या आधारावर. बारसं करणारा प्रसिद्ध झाला. थेनार तळटीपेत गेला.

२००७ मध्ये बीजिंगच्या शियुन यान यांच्या गटाला दिसलं, की लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे नॅनोकण, जे एरवी नुसते एन्झाइमचे वाहक म्हणून वापरायचे, ते स्वतःच चाचणीतलं रसायन निळं करतात. तिथून ‘नॅनोझाइम’ची, म्हणजे एन्झाइमचं काम करणाऱ्या नॅनोकणांची, लाट आली.

खरी मेहनत पुढे आहे. एन्झाइम एकच काम चोख करणारा कारागीर. ऑक्साइड म्हणजे पडेल ते काम करणारा गडी. लोहाचे हेच कण आम्लात पेरॉक्साइडपासून पेशी जाळणारे रॅडिकल बनवतात आणि उदासीन द्रावणात त्याचं निमूट पाणी नि ऑक्सिजन करतात. या गड्याला शिस्त लावायची ती आकारातून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. मुगेश यांच्या गटाने एरवी विषारी असलेल्या व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या नॅनोतारा केल्या. पेशीतल्याच ग्लुटाथायोन या रेणूच्या सोबतीने त्या तिथलं पेरॉक्साइड मुकाट्याने पाण्यात बदलतात. स्फटिकाचा कोणता पैलू उघडा पडलाय, यावरही त्यांचा वेग ठरतो.

म्हणून ‘कर्करोगावर रामबाण’ छाप मथळ्यांवर मी फुली मारतो. पेट्रीडिशमधून माणसात जाताना कण यकृतात साठून राहिले तर काय, याचं उत्तर आधी हवं. माझी पैज दातांवर. पेनसिल्वेनिया विद्यापीठात फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयावरचं लोहाचं औषध पेरॉक्साइडसोबत दातांवरच्या किटणावर वापरून पाहिलंय. किटण आम्लधर्मी, त्यामुळे कण नेमके तिथेच पेटतात. आणि काम झालं की चूळ भरून थुंकता येतात.