पल्लामापक कॅमेऱ्याची आटोपशीर प्रमाण भिंगे

पल्लामापक कॅमेऱ्याची आटोपशीर प्रमाण भिंगे : ज्या भिंगाचे केंद्रांतर चित्रचौकटीच्या कर्णाच्या जवळपास असते त्यास प्रमाण भिंग म्हणतात. ३५ मिमी. फिल्मवरील २४ × ३६ मिमी. चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी. असतो. व्यवहारात ४० ते ५० मिमी. केंद्रांतराची भिंगे प्रमाण मानली जातात, ३५ मिमी.चे भिंगही अनेक छायाचित्रकार नित्याचे म्हणून वापरतात. पल्लामापक किंवा रेंजफाइंडर कॅमेऱ्यात दृश्य भिंगातून न पाहता स्वतंत्र खिडकीतून पाहिले जाते व तीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की भिंग त्या अंतरावर केंद्रित होते. मध्ये आरसा नसल्यामुळे भिंगाचा मागील भाग फिल्मच्या पुष्कळ जवळ आणता येतो आणि विशेषतः ४० मिमी. व त्याहून कमी केंद्रांतराची भिंगे अगदी लहान करता येतात.

या प्रकारची सुरुवात १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याने झाली. ओस्कार बार्नाक यांच्या या कॅमेऱ्यासाठी माक्स बेरेक यांनी आखलेले ५० मिमी., एफ/३·५ एल्मार भिंग नळीसह कॅमेऱ्यात मिटत असे. भिंगाशी जोडलेला पल्लामापक १९३२ मध्ये आला. पुढे एम ३ (१९५४) आणि ४० मिमी., एफ/२ भिंगाचा लहानसा सीएल (१९७३) हे कॅमेरे निघाले. सीएलच्या या भिंगाचे वजन सुमारे १३० ग्रॅम, तर ५० मिमी., एफ/०·९५ नॉक्टिलक्स भिंगाचे ७०० ग्रॅम भरते. जर्मन नमुन्यांवरून सोव्हिएट रशियात फेड व झोर्की हे कॅमेरे आणि जपानमध्ये अनेक भिंगे तयार झाली.

या फरकाचे महत्त्व डोंगरात कळते. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला) राजगड, तोरणा, रोहिडा व रायरेश्वर ही ठिकाणे पायीच चढावी लागतात. तेथील पाऊस मोठा आहे. पावसात तट-बुरूज ढासळतात, कधी डागडुजीत मूळची बांधणी झाकली जाते. म्हणून एखाद्या वर्षी घेतलेले चित्र पुढे एकमेव पुरावा ठरू शकते. ते बिघडले तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी भिंगाची निवड त्याच्या महत्तम छिद्रावरून नव्हे, तर मागे किती सरकता येते व जवळ किती जाता येते यांवरून करावी.

राजगडाच्या संजीवनी माचीस दुहेरी तट आहे. दोन तटांमधील अरुंद वाटेत समोरच्या भिंतीपासून २ मी.वर उभे राहिल्यास ५० मिमी. भिंगाच्या आडव्या चौकटीत सुमारे १·४ मी. रुंदीची भिंत येते, ३५ मिमी. भिंगात सुमारे २·१ मी. मागे सरकण्यास जागा नसते; माचीच्या बाहेरच्या अंगास तर कडाच आहे. भोरच्या राजवाड्यातील ओवऱ्यांतही हीच अडचण येते. उलट पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याचे चित्र ५० मिमी.ने अधिक भरीव येते, ३५ मिमी.ने आकाशच पुष्कळ येते. एकच भिंग न्यायचे असेल तर ४० मिमी. ही चांगली तडजोड होय. मात्र बहुतेक एम कॅमेऱ्यांच्या दृश्यदर्शकात ४० मिमी.ची चौकटरेषा नसते, आणि सीएलचे भिंग त्यांवर लावल्यास ५० मिमी.ची रेषा दिसते. प्रत्यक्ष चित्रात त्या रेषेबाहेरचाही भाग येतो, हे लक्षात ठेवावे लागते.

मोठ्या छिद्राचा मोह बहुधा अनाठायी असतो. कडक उन्हात १०० वेगाच्या फिल्मला एफ/१६ ला सुमारे १/१०० सेकंद उद्भासन लागते. त्या हिशेबाने एफ/२ ला १/६,४०० सेकंद लागेल, आणि जुन्या कॅमेऱ्यांची झडप १/१,००० सेकंदापलीकडे जात नाही. एफ/८ ठेवून ५० मिमी. भिंग १०·५ मी.वर केंद्रित केल्यास सुमारे ५ मी.पासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट येते, ३५ मिमी. भिंगास ५ मी.वर ठेवले तर २·६ मी.पासून. चढणीवर दर वेळी प्रतिमा जुळवीत बसण्यापेक्षा हे सोयीचे आहे. तोरण्यावरील मेंगाई देवीच्या मंदिराचा अंतर्भाग किंवा चोरदरवाजाची सावली यांसाठी मात्र एफ/२ चा उपयोग होतो, कारण त्यातून एफ/३·५ च्या तिप्पट प्रकाश येतो. आरशाचा धक्का नसल्यामुळे १/३० सेकंदही हातात धरून साधते.

पल्लामापकाची अचूकता त्याच्या दोन खिडक्यांमधील अंतरावर व दृश्यदर्शकाच्या विवर्धनावर अवलंबून असते. एम ३ मध्ये हा परिणामी पाया सुमारे ६२ मिमी., सीएलमध्ये सुमारे १९ मिमी. आहे. डोळ्याची सूक्ष्मता एक कला धरल्यास ५० मिमी., एफ/२ भिंगास साधारण १२·५ मिमी., एफ/१·४ भिंगास १८ मिमी. पाया लागतो, म्हणजे लहान कॅमेऱ्यास लहान छिद्राचे भिंगच शोभते. काही भिंगांत, विशेषतः झोन्नार रचनेच्या, गोलीय विपथनामुळे छिद्र लहान करताना केंद्र सरकते. असे भिंग एफ/४ च्या आसपास एकदा तपासून घ्यावे.

या भिंगांची खरी मर्यादा जवळच्या कामात आहे. जुनी भिंगे १ मी.पेक्षा जवळ केंद्रित होत नाहीत. तेथे ५० मिमी.च्या चौकटीत सुमारे ६५ × ४३ सेंमी. क्षेत्र मावते. ०·७ मी.ची सोय असल्यास ते ४३ × २९ सेंमी. होते. वीरगळ यात बसतो. शिलालेखाची झिजलेली अक्षरे पुरेशी मोठी येत नाहीत. त्यासाठी आरशाचा कॅमेरा न्यावा हे बरे.

दृश्यदर्शक भिंगातून पाहत नसल्यामुळे भिंगावरील झाकण काढावयाचे राहिले तरी कळत नाही, आणि अख्खी फिल्म कोरी निघू शकते. गळ्यातील कॅमेरा चढणीवर सूर्याकडे वळला तर भिंग बहिर्वक्र भिंगाप्रमाणे किरण एकवटून कापडी झडपेस भोक पाडते. म्हणून चालताना झाकण लावावे किंवा छिद्र एफ/१६ वर ठेवावे. मिटणारे भिंग पूर्ण बाहेर ओढून अडकविले नाही तर सर्व चित्रे अस्पष्ट येतात. काही अंकीय कॅमेऱ्यांत जुने मिटणारे भिंग आत ढकलल्यास आतील भागास लागण्याचा धोका असतो. पावसात भिजलेली नळी तशीच मिटल्यास ओल आत जाते व भिंगावर बुरशी धरते. परतल्यावर भिंग पुसून सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावे.

प्रमाण भिंगाच्या चित्रावरून मापही काढता येते. कॅमेरा आडवा समतल धरून २० मी.वरील बुरुजाची प्रतिमा ५० मिमी. भिंगाने फिल्मवर १२ मिमी. उंच आली, तर बुरूज सुमारे ४·८ मी. उंच ठरतो. यासाठी प्रत्येक चित्राबरोबर केंद्रांतर, अंतर, उभे राहण्याची जागा व तारीख वहीत टिपावी.